या वयातही?

जुन्या रॉकवाल्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "काय एनर्जी आहे राव, या वयातही!" म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मला ते ऐकलं की आपण सोसायटीतल्या आजोबांना "अरे वा, अजून जिने चढता?" म्हणतो ते आठवतं. कौतुक असतं, पण जिना चढण्याचं. आजोबा वर जाऊन करतात काय, हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही.

तर आज त्या "वर जाऊन करतात काय" बद्दल. उदाहरणादाखल बँड घेतोय डीप पर्पल. एक तर तो माझा लाडका बँड, अकरावीपासून ऐकतोय. आणि दुसरं म्हणजे, माणूस जितक्या प्रकारे म्हातारा होऊ शकतो ते सगळे प्रकार या एका बँडच्या इतिहासात सापडतात. काही चांगले, काही वाईट.

मुळात रॉकच्या स्पेसिफिकेशनमध्ये म्हातारपण नव्हतंच. १९६५ साली 'द हू'च्या पीट टाउनशेंडने 'माय जनरेशन' लिहिलं आणि त्यात म्हातारं होण्याआधी मरून जाण्याची इच्छा जाहीर करून टाकली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मे २०२५ मध्ये तो ऐंशी वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी 'द हू' उत्तर अमेरिकेत निरोपाचा दौरा करत होते. दुसरीकडे हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० मध्ये गेले, जिम मॉरिसन १९७१ मध्ये, तिघंही सत्तावीस वर्षांचे. पोस्टरवर ते कायम सत्तावीसचेच राहिले. त्यामुळे रॉकमध्ये एक विचित्र समजूत रुजली, की लवकर गेला तो खरा, आणि टिकला तो थोडा तडजोडवाला.

आपल्याला हे खरं तर परकं वाटायला हवं. सवाईच्या मंडपात पंचाहत्तरीचा गवई बसला की आवाज थोडा थकलाय हे मागच्या भारतीय बैठकीतल्या माणसालाही कळतं. पण तो उठून जात नाही. आज बुवा राग कसा मांडतात हे त्याला ऐकायचं असतं. रॉकमध्ये ही सोय तयार नव्हती. चक बेरीसारखे एकेकटे कलाकार म्हातारे झाले होते, पण पाच जणांचा बँड म्हणून म्हातारं कसं व्हायचं, हे या पिढीला दाखवून द्यायला पुढे कोणी नव्हतं. त्यांनी ते लाइव्ह प्रॉडक्शनवरच शिकलं म्हणा ना. :)

डीप पर्पलच्या प्रत्येक संचाला 'मार्क' नंबर द्यायची पद्धत आहे. मार्क वन, मार्क टू वगैरे. आपल्या भाषेत व्हर्जन नंबर. १९६८ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डला मार्क वन सुरू झाला. २०२२ मध्ये मार्क नाइन आला. पहिल्या व्हर्जनपासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.

यातला जगप्रसिद्ध म्हणजे १९६९ चा मार्क टू. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर पेस. लॉर्डने काय केलं, तर हॅमंड ऑर्गन त्याच्या नेहमीच्या स्पीकरऐवजी गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. चर्चमध्ये शोभणारं वाद्य एकदम गुरगुरायला लागलं. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये यांचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि जगातला सर्वात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीज बुकात नाव गेलं.

माँत्रोची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून पटकन सांगतो. डिसेंबर १९७१ मध्ये हे लोक स्वित्झर्लंडला अल्बम रेकॉर्ड करायला गेले. ज्या कॅसिनोत काम करायचं ठरलं होतं तिथे ४ डिसेंबरला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कोणीतरी फ्लेअर उडवला आणि अख्खा कॅसिनो जळाला. धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. मग बँडने हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये बस्तान मांडलं, बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ गाडी उभी केली आणि दोन-तीन आठवड्यांत 'मशीन हेड' रेकॉर्ड केला. त्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' म्हणजे गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक हॉस्टेलवाल्याचा 'हॅलो वर्ल्ड' प्रोग्रॅम. मार्च १९७२ ला अल्बम आला, ऑगस्टमध्ये ओसाका आणि तोक्योला 'मेड इन जपान' लाइव्ह रेकॉर्ड झाला. लॉर्ड एकतीस वर्षांचा होता. बाकीचे माझ्याच वयाचे किंवा लहान.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. पण त्याच वर्षाचा शेवट बघा. जून १९७० ते जानेवारी १९७३ या काळात चार स्टुडिओ अल्बम, एक डबल लाइव्ह अल्बम आणि मधे सतत दौरे. लोक आजारी पडत होते, ब्लॅकमोर आणि गिलनचं आपसात बोलणं जवळपास बंद होतं, आणि सुट्टी द्यायला मॅनेजमेंट तयार नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये गिलनने लेखी राजीनामा दिला आणि चक्क सहा महिन्यांचा नोटीस पीरियड पूर्ण केला! २९ जून १९७३, ओसाका, शेवटचा शो. त्याच्याबरोबर ग्लोव्हरलाही जावं लागलं. ज्या बँडचे अल्बम त्या काळात जगभर खपत होते तो स्वतः आतून संपला होता.

पुढचं भराभर. डेव्हिड कव्हरडेल नावाचा एक अनोळखी पोरगा गायक म्हणून आला, 'बर्न' हा सुरेख अल्बम झाला. १९७५ मध्ये ब्लॅकमोर सोडून गेला. त्याच्या जागी अमेरिकन टॉमी बोलिन आला. मार्च १९७६ मध्ये बँड बंद पडला आणि डिसेंबरमध्ये बोलिन ड्रग्जमुळे गेला. पंचवीस वर्षांचा होता. वर म्हटलं ना, की लवकर जाणाऱ्यांची पोस्टर्स लागतात? बोलिनचं फार कुठे लागलं नाही. लवकर मरण्यात रोमँटिक काही नसतं, हे कळायला तो एकटाच पुरेसा आहे.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' चांगला अल्बम आहे, गाजलाही. पण जुने बग तसेच होते. १९८९ ला गिलनला काढलं, १९९२ ला परत घेतलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या शोचं शूटिंग होतं. 'हायवे स्टार' सुरू झालं तरी ब्लॅकमोरचा पत्ता नाही. मग आला, आणि थोड्या वेळाने कॅमेरावाल्यावर पाणी फेकलं. हे सगळं रेकॉर्ड झालंय, बघायला मिळतं, आणि बघवत नाही. १७ नोव्हेंबरला हेलसिंकीचा शो करून तो दौरा अर्धवट टाकून निघून गेला. जपानचे शोज जो सॅट्रियानीला बोलावून उरकले.

बहुतेक जुन्या चाहत्यांच्या मते डीप पर्पल इथे संपतो. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. कारण सगळ्यात प्रतिभावान व्हर्जन हेच सगळ्यात अनस्टेबल व्हर्जन होतं. आता पन्नाशीकडे झुकलेल्या चार माणसांसमोर प्रश्न होता, की आपल्याला फक्त वाजवता येतं, की एकत्र कामही करता येतं?

१९९४ मध्ये त्यांनी स्टीव्ह मोर्सला घेतलं. अमेरिकन, 'डिक्सी ड्रेग्ज'चा गिटारवादक. मधे काही काळ त्याने संगीत बाजूला ठेवून चक्क एअरलाइनमध्ये पायलटची नोकरी केली होती. ब्लॅकमोरची नक्कल करायची नाही, हे त्याला आणि बँडलाही पक्कं ठाऊक होतं. आणि या नव्या संचाच्या पहिल्याच काही महिन्यांत, एप्रिल १९९५ मध्ये, तो मुंबईत वाजला. त्या मैफलीचं चित्रीकरण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' नावाने आलं.

या नावात एक गंमत आहे. डीप पर्पलचं सगळ्यात अवघड गाणं म्हणजे 'चाइल्ड इन टाइम', १९७० च्या 'इन रॉक' अल्बममधलं. त्याची सुरुवातीची ऑर्गनची धून त्यांची स्वतःची नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या व्हायोलिनवर वाजणाऱ्या रचनेतून ती घेतलेली आहे, आणि १९६९ च्या त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. पर्पलने ती मंद केली, ऑर्गनवर आणली आणि तिच्यातून दहा मिनिटांचं युद्धविरोधी गाणं उभं केलं. (बदल्यात त्या बँडनेही पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'ची धून आपल्या एका गाण्यात वापरली. कोर्टकचेरी नाही, ओपन सोर्स कारभार.) तर कॅलिफोर्नियात बॉम्बेच्या नावाने बनलेली धून इंग्लंडमार्गे पंचवीसेक वर्षांनी खऱ्या मुंबईत वाजली. त्या मैफलीत 'चाइल्ड इन टाइम' आहे.

आणि आता या गाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

दोन कडव्यांसारखे शांत भाग होतात आणि मग गिलन शब्द सोडून देतो. नुसता आकार. तो पायरी पायरीने वर चढत जातो, आधी हलका, मग भरलेला, आणि शेवटी तार सप्तकातली सरळ किंकाळी. रेकॉर्डिंगच्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता. ती किंकाळी ही सजावट नाही. युद्धाच्या गाण्यात शब्द संपल्यावर जे उरतं ते आहे. म्हणजे ती नीट लागली तरच गाण्याला अर्थ. अर्धवट लागली तर माणूस घसा साफ करतोय असं वाटणार.

गिलनने मुलाखतींमध्ये या गाण्याची तुलना ऑलिंपिकमधल्या खेळाशी केलेली आहे. तरुणपणी सहज जमायचं, मग जमेनासं झालं. शेवटी २००२ नंतर बँडने ते गायचं थांबवलं. तेव्हा तो साधारण सत्तावन्न वर्षांचा होता.

विचार करा, त्यांच्यासमोर पर्याय किती होते. पट्टी खाली आणता आली असती. अवघड जागा गिटारने झाकता आल्या असत्या. मागे एखादा तरुण गायक उभा करता आला असता. माइक प्रेक्षकांकडे वळवून "तुम्हीच गा" म्हणता आलं असतं, लोकांनी आनंदाने गायलं असतं. अनेक बँड यातलं काही ना काही करतात आणि त्यात पाप नाही. पण पर्पलने आपलं सगळ्यात मोठं गाणं मेनूवरून काढलं. जुना चाहता म्हणून ते मला टोचतं. मला ते कधीच समोर ऐकायला मिळणार नाही. पण काढलं ते बरोबरच केलं, कारण अर्थ गेलेलं गाणं ओळखीसाठी वाजवत राहणं म्हणजे प्रेक्षकाला मूर्ख समजणं.

आता याची दुसरी बाजू. 'मशीन हेड'च्या वेळी माँत्रोला अजून एक गाणं रेकॉर्ड झालं होतं, 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'. संथ, उदास, साधं. ब्लॅकमोरला आवडलं नाही म्हणून अल्बममधून बाहेर राहिलं आणि एका सिंगलच्या मागच्या बाजूला जाऊन पडलं. मार्क टू असेपर्यंत ते स्टेजवर जवळजवळ आलंच नाही. ब्लॅकमोर गेल्यावर, मोर्स आल्यानंतर ते नियमित वाजायला लागलं. त्यात किंकाळी नाही. एक आंधळा माणूस आणि त्याचं एकटेपण एवढंच आहे, आणि ते पन्नाशीच्या, साठीच्या, सत्तरीच्या आवाजात जास्त खरं वाटतं. सव्वीसच्या गिलनने ते सुंदर गायलं होतं. सत्तरीच्या गिलनला ते गाताना काही सिद्ध करायचं नसतं.

म्हणजे एक गाणं वयाने नेलं आणि दुसरं वयाने आणून दिलं. हा हिशोब "या वयातही" म्हणणाऱ्याला दिसत नाही. तो फक्त किंकाळी अजून लागते का ते बघतो.

जॉन लॉर्डची गोष्ट याहून सुंदर आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पलने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्डची रचना वाजवली, 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. संचालक होते माल्कम अर्नोल्ड. रॉक बँड आणि शंभरेक सुटाबुटातले वादक एका मंचावर, हे तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटलं. पुढच्याच वर्षी त्या रचनेची स्वरलिपी हरवली. लॉर्डकडे कागद उरले नाहीत, उरलं फक्त रेकॉर्डिंग. म्हणजे सोर्स कोड गेला आणि नुसती एक्झिक्यूटेबल फाइल उरली.

तीस वर्षांनी मार्को द खुय नावाच्या एका डच संगीतकाराने, जो चाहताही होता, ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून आणि व्हिडिओ बघून अख्खी स्वरलिपी नव्याने लिहून काढली. बासरी काय वाजवतेय, व्हिओला काय, मागचं ब्रास काय, एकेक सुटं करून. शुद्ध रिव्हर्स इंजिनिअरिंग, कोणी सांगितलेलं नसताना. ते बाड घेऊन तो लॉर्डला भेटला. लॉर्डने त्यावर हात फिरवून राहिलेल्या जागा भरल्या आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ती रचना पुन्हा उभी राहिली. लॉर्ड तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता.

चाहता असणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. आपण टी-शर्ट घेतो, तिकिटं काढतो, ऑफिसात वाद घालतो. या माणसाने कलाकाराला त्याचंच हरवलेलं काम परत नेऊन दिलं.

१९९९ चा परिणाम असा झाला की लॉर्डला पुढे काय करायचंय हे स्पष्ट झालं. २००२ मध्ये तो बँडमधून निवृत्त झाला, ऑर्केस्ट्रासाठी लिहायला. कोणावर पाणी फेकलं नाही. त्याच्या जागी डॉन एअरी आला, आणि त्या वर्षीच्या ब्रिटनच्या दौऱ्यात काही शोजमध्ये दोघेही मंचावर होते. रीतसर नॉलेज ट्रान्सफर! पुढची दहा वर्षं लॉर्डने मनासारखं लिहिलं. १६ जुलै २०१२ ला तो गेला, एकाहत्तर वर्षांचा होता, कॅन्सर झालेला होता. त्याच्या त्या कॉन्चेर्टोचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग त्याच वर्षी त्याच्या मागे प्रसिद्ध झालं. पर्पलने २०१३ चा 'नाउ व्हॉट' हा अल्बम त्याला अर्पण केला.

हा 'नाउ व्हॉट' ऐकाच. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चा निर्माता बॉब एझ्रिन इथे पहिल्यांदा पर्पलबरोबर आला. त्याने त्यांना सांगितलं म्हणे, की रेडिओवर वाजेल का याची काळजी सोडा, स्टेजवर जसं मोकळं वाजवता तसं स्टुडिओत वाजवा. अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. मग २०१७ चा 'इन्फिनिट', २०२० चा 'वूश', २०२१ चा 'टर्निंग टू क्राइम' आणि २०२४ चा 'इक्वल्स वन', सगळे एझ्रिनबरोबर. साठी-सत्तरीतली माणसं, अकरा वर्षांत पाच अल्बम.

शरीराचं बिल मात्र येतच राहिलं. मोर्सच्या उजव्या मनगटाला संधिवात झाला. त्याच्यासारख्या वेगाने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला हे म्हणजे टायपिस्टची बोटं जाण्यासारखं. त्याने साठीच्या आसपास प्लेक्ट्रम धरायची आणि हात हलवायची आयुष्यभराची सवय मोडून नवी लावून घेतली. जून २०१६ मध्ये पेसला स्ट्रोकचा सौम्य झटका आला, शो रद्द करावे लागले. काही आठवड्यांत तो परत ड्रम्सवर होता. २०२२ मध्ये मोर्सने बँड सोडला, कारण बायको कॅन्सरने आजारी होती आणि त्याला तिच्याजवळ राहायचं होतं. अठ्ठावीस वर्षं, कुठल्याही गिटारवाल्यापेक्षा जास्त. आता १९७३ चं, १९९३ चं आणि २०२२ चं जाणं शेजारी शेजारी ठेवून बघा. वाजवणं बाजूला ठेवा, नुसतं निरोप घेणंसुद्धा हे लोक वयाबरोबर शिकले.

मोर्सच्या जागी आलेला सायमन मॅकब्राइड उत्तर आयर्लंडचा, जन्म १९७९. 'मशीन हेड' आला तेव्हा त्याच्या जन्माला सात वर्षं बाकी होती.

आता दुसऱ्या बाजूचे वकील. माझा एक मित्र (जो फक्त मार्क टू मानतो आणि ब्लॅकमोरचं नाव घेताना कानाला हात लावतो) म्हणतो की हा बँड नाही, ब्रँड आहे. ब्लॅकमोर नाही, लॉर्ड नाही, मग उरलं काय? शिवाय मे २०१७ मध्ये 'द लाँग गुडबाय' नावाने निरोपाचा दौरा काढला आणि नंतरही दौरे चालूच राहिले, हे तर शुद्ध मार्केटिंग. आणि शेवटी लोक येतात ते 'मशीन हेड'ची चार गाणी ऐकायलाच ना?

यातलं बरंचसं खरं आहे. निरोपाच्या दौऱ्याचं मलाही हसू येतं. 'बनानाज' आणि 'रॅप्चर ऑफ द डीप' मी फारसे ऐकत नाही. आणि 'स्मोक ऑन द वॉटर' न वाजवता हे लोक घरी गेले तर दगड पडतील. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी अवघड जाऊ नये. पन्नास वर्षं चाललेल्या सिस्टिममध्ये मूळ कोडच्या किती ओळी शिल्लक असतात? आपण ती कशावरून ओळखतो? ती काय काम करते आणि कसं करते, यावरून. ऑर्गन आणि गिटारची जुगलबंदी, मधे मोकळी सोडलेली जागा जिथे रोज वेगळं वाजवायचं, आणि खाली पेसचा तो डावखुरा, हलका, झुलता ठेका. हे तिन्ही १९७२ मध्ये होतं, १९९५ च्या मुंबईत होतं आणि २०२४ च्या अल्बमातही आहे. ब्लॅकमोरवर माझा राग नाही हं. त्याने १९९७ पासून बायकोबरोबर युरोपातलं मध्ययुगीन धाटणीचं संगीत करायला घेतलं आणि त्यात रमला. तोही म्हातारं होण्याचा एक चांगला मार्गच.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगतो. आपल्या इंडस्ट्रीत पस्तिशीनंतर कोड लिहिणाऱ्याला लोक काळजीच्या सुरात विचारतात, "अजून कोडच लिहितोस? मॅनेजर नाही झालास?" चाळिशीचा इंजिनिअर इंटरव्ह्यूला आला की पॅनलमधले दोघं एकमेकांकडे बघतात. मी अजून तिशीत पोचलेलो नाही, तरी नवीन फ्रेमवर्क आलं की पोटात गोळा येतो, की आपली एक्स्पायरी डेट किती? आपण रॉकपेक्षा वेगळे नाही. आपल्याही धंद्याची पहिली मोठी पिढी आत्ता कुठे म्हातारी व्हायला लागलीय, आणि चांगलं म्हातारं कसं व्हायचं याची उदाहरणं आपल्याकडे फारच थोडी आहेत.

अशा वेळी मी पेसकडे बघतो. विसाव्या वर्षी जी खुर्ची धरली ती सोडली नाही. त्याने ना स्वतःचं साम्राज्य उभं केलं, ना तो कधी गाण्याच्या पुढे आला. तो रोज तेच काम करतो, थोडं वेगळं करून. गिलन ऑगस्ट २०२५ मध्ये ऐंशीचा झाला. तो काय गात नाही, हे मला तो काय गातो याइतकंच महत्त्वाचं वाटतं. जे आता चांगलं होत नाही ते सोडून देणं, पूर्वी जे बाजूला पडलं होतं ते उचलणं, येणाऱ्याला त्याच्या पद्धतीने वाजवू देणं, जाणाऱ्याला नीट जाऊ देणं. यातलं एकही त्यांना १९७२ मध्ये येत नव्हतं, आणि तेव्हा ते जगातले सगळ्यात भारी बँडवाले होते.

असो. फार लांबलं. कोणाला ऐकून बघायचं असेल तर या वीकेंडला असं करा. आधी 'मेड इन जपान'वरचं 'चाइल्ड इन टाइम', पूर्ण, हेडफोन लावून, मधे फोन न बघता. मग १९९५ च्या मुंबईतलं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'. मग १९९६ च्या 'पर्पेंडिक्युलर'मधलं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग', मोर्ससाठी. आणि शेवटी 'नाउ व्हॉट'मधलं 'अनकॉमन मॅन', लॉर्डसाठी. सगळं मिळून तासाभरात आटपेल. चौथं गाणं संपल्यावर "या वयातही" म्हणावंसं वाटलं तर मला सांगा, चहा माझ्याकडून.